पुरलेला सालोंगो

सालोंगो कालांझी तुरुंगात गेला तो जिभेपायी, हे किरुम्बी गावातलं शेंबडं पोरही सांगेल. हाताचा माणूस सोन्यासारखा. मुटुबाच्या झाडाची साल इतक्या अलगद उतरवायचा की झाडाला पत्ता लागू नये. मग उघड्या खोडाला केळीची पानं गुंडाळून ठेवायचा, बाळंतिणीचं पोट बांधतात तशी. पुढच्या वर्षी झाड पुन्हा साल द्यायला तयार. ती साल लाकडी मोगरीनं कुटून कुटून तो कापड करायचा, मऊ आणि तांबूस. पण तोंडाला कुलूप म्हणून नव्हतं. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

आमच्याकडे माणूस गेला की त्याला सालीच्या कापडात गुंडाळूनच केळीच्या बागेत पुरतात. तेव्हा सालोंगोचं गिऱ्हाईक कधी तुटलं नाही, आणि लष्करशहा अमीनच्या राजवटीत तर मुळीच नाही. सत्त्याहत्तर साली बराकीतला एक अधिकारी जीप घेऊन त्याच्या दारात आला. जीपच्या सीटांना लावायला सालीचं कापड पाहिजे, म्हणाला. फुकट पाहिजे होतं हे वेगळं सांगायला नको.

सालोंगोनं मोगरी खाली ठेवली आणि म्हणाला, "साहेब, माझं कापड लोक आडवे झाल्यावर वापरतात. तुम्हाला घाई आहे का?"

त्याची बायको नालोंगो आत केळी सोलत होती. तिनं कपाळावर हात मारून घेतला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. चौथ्या दिवशी काळे चष्मे घातलेली तिघं आली आणि त्यांनी सालोंगोला गाडीच्या डिकीत घालून नेलं. त्या दिवसांत डिकीत गेलेला माणूस परत आल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

सालोंगो हे काही त्याचं जन्माचं नाव नव्हे. ज्याला जुळं होतं तो सालोंगो आणि त्याची बायको नालोंगो, मग मूळ नाव घ्यायला कुणी धजत नाही. या दोघांना बाबिर्ये आणि नाकातो अशा जुळ्या मुली होत्या. मुलगा नव्हता.

वर्ष गेलं, सव्वा वर्ष गेलं. राजधानीकडून येणाऱ्या एका लॉरीवाल्यानं सालोंगोची टोपी आणून दिली, आणि नदीच्या बांधापाशी सापडली म्हणाला. मग कुळातल्या वडीलधाऱ्यांनी, म्हणजे क्येयुने आजोबांनी, काठी आपटली. ज्याला माती मिळाली नाही त्याचं घर सुखाचं राहत नाही, पोरींची लग्नं जुळत नाहीत, हे त्यांनी सगळ्यांना ऐकवलं. देह नसला तर केळीचं खोड पुरायचं, ही आमची जुनी रीत. तसं एक चांगलं माणसाच्या उंचीचं खोड तोडलं, कापडात गुंडाळलं, रडारड केली आणि पुरलं. पुढं वारस बसवायचा दिवस आला तेव्हा सालोंगोच्या भावाचा मुलगा सेबुन्या याच्या खांद्यावर सालीच्या कापडाची गाठ मारली. भाला दिला, पेय भरायचा पोकळ भोपळा दिला, बसायचं आसन दिलं. त्या दिवसापासून सेबुन्या म्हणजेच कालांझी. घरादाराचा बाप तोच आणि जुळ्या मुलींचाही तोच. वारस म्हणजे नुसता मालमत्तेचा धनी नव्हे, मेलेल्या माणसाच्या अंगरख्यात शिरलेला माणूस असतो तो.

सेबुन्या तसा वाईट नव्हता. अठ्ठावीस वर्षांचा, गोल पोटाचा आणि जरा फुशारकी मारणारा, एवढंच. त्यानं छप्पर शाकारलं, झाडं राखली. फक्त कापड काही त्याला जमेना.

पुढच्या वर्षी टांझानियाची फौज आली. अमीननं त्यांच्या हद्दीत शिरून गावं लुटली होती. खोडी त्यानं काढली आणि शेजाऱ्यानं दांडकं उचललं. दुसऱ्याच्या घरात शिरून त्याच्या मस्तवाल कर्त्याला बाहेर काढावं की काढू नये, यावर म्हणे परदेशात मोठमोठ्या सभा भरल्या. किरुम्बीत कुणी सभा भरवली नाही. आमच्या बायकांनी कच्च्या केळ्यांचे मटोके उकडले, केळीच्या पानात बांधले आणि रस्त्यावर नेऊन सैनिकांच्या हातात दिले. तरी खोटं कशाला बोला, आमच्या जवळचं मसाका शहर त्यांनी सुरुंग लावून पाडलं. त्याच गडबडीत सेबुन्याची सायकल गेली. पळणाऱ्या फौजेनं नेली की येणाऱ्या, कुणालाच धड सांगता येईना. सेबुन्या मात्र येणाऱ्यांकडे बोट दाखवायचा.

मे महिन्यातल्या एका सकाळी टांझानियाचा एक लष्करी ट्रक मिशनच्या शाळेपाशी थांबला आणि त्यातून सालोंगो उतरला. अंगात कुणाचा तरी मोठा शर्ट, पायात दोन वेगवेगळ्या चपला. तुरुंगातून सुटल्यावर तीन आठवडे तो दवाखान्यात होता. ट्रकमधून त्याच्यामागं लंगडत उतरला तो सार्जंट म्वाकालिंगा. मांडीला गोळी लागली म्हणून त्याला विश्रांतीला इकडच्या तळावर पाठवलं होतं. दोघांची दोस्ती कशावरून, तर मक्याच्या उकडीवरून. सालोंगोनं जवळजवळ दोन वर्षं तुरुंगात रोज पाण्यात शिजवलेली मक्याची घट्ट उकड खाल्ली होती. ज्या दिवशी टांझानियावाल्यांनी दार फोडून त्याला बाहेर काढलं, त्या दिवशी त्यांनी मोठ्या प्रेमानं त्याच्यापुढं पातेलं ठेवलं. त्यात मक्याची उकडच होती.

"भाऊ," सालोंगो म्हणाला होता, "मला परत आत सोडा. तिथं निदान थोडी वाढायचे."

सार्जंट हसून हसून खाली बसला होता. शाळेपाशी उतरताना तो म्हणाला, "घरी जाऊन तुझा तो मटोके खा. पिकलं नाही ते केळं खाणारे लोक तुम्ही."

"पिकेपर्यंत थांबायला अमीननं वेळ कुठं दिला? चल, बायकोला भेट."

"नको, आज तू एकटा जा," सार्जंट म्हणाला. ते बरोबर होतं.

सालोंगो टेकडी उतरला तशी त्याला आपल्या छपराखालून मोगरीची थाप ऐकू आली. आनंद व्हायला हवा होता, पण त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. ठक ठक ठक ठक, नुसती सलग, दम नाही की विसावा नाही. असं कुटलं तर कापडाला एका जागी भोक पडतं आणि दुसऱ्या जागी चामडं राहतं. तो तडक छपराखाली गेला. पाठमोरा सेबुन्या घाम गाळत होता.

"बारीक खाचांची मोगरी इतक्यात घ्यायची नसते," सालोंगो म्हणाला. "आणि मधे थांबून कापड सरकव की."

सेबुन्यानं मान वळवली नाही. "मला माझ्या काकानं असंच शिकवलंय."

"तुझ्या काकानं असं शिकवलं असतं, तर त्याला पुरायलाच पाहिजे होता."

आपल्याला पुरलंय हे त्याला तेव्हा ठाऊक नव्हतं, बरं का. नेहमीची आपली जीभ चालली. सेबुन्यानं मात्र वळून बघितलं, मोगरी टाकली आणि केळीच्या बागेतून असा धूम पळाला की एक चप्पल मागंच राहिली.

आवाज ऐकून नालोंगो बाहेर आली. हातात केळी सोलायची सुरी तशीच. तिनं नवऱ्याकडं बघितलं, खालपासून वरपर्यंत, आणि पुन्हा खालपर्यंत. मग गुडघे टेकून, नवऱ्याला करतात तसा रीतसर नमस्कार केला आणि तिथंच बसून राहिली.

"किती वाळलात," ती म्हणाली.

"आत तर घेशील?"

"नाही घेणार."

"म्हणजे?"

"तुम्हाला पुरलंय." तिनं सुरीनंच बागेकडं दाखवलं. दगड रचलेला उंचवटा होता, वर लाकडी क्रूस. "पुरलेला माणूस त्याच दारानं आत आला तर घराचं वाटोळं होतं. आधी आजोबांना विचारा. मी दोन वर्षं तुमच्यासाठी रडले, आता पुन्हा काही अभद्र झालं तर रडायला माझ्यात पाणी नाही." असं म्हणाली आणि घळाघळा रडायला लागली. रडता रडताच उठली, आणि मुटुबाखाली चटई टाकून वाफाळता मटोके आणि शेंगदाण्याची आमटी घेऊन आली. सालोंगो खात होता आणि ती अंगणाच्या कडेला बसून त्याला शिव्या घालत होती, जीपवाल्याच्या वेळेपासूनच्या सगळ्या. सालोंगोनं दोनदा वाढून घेतलं. जन्मात असं जेवण झालं नव्हतं, असं तो पुढं सांगायचा.

तेवढ्यात मुली आल्या. नाकातो गळ्यातच पडली. बाबिर्ये जरा थबकली, मग तीही आली. पण बोलताना तिच्या तोंडून गेलं, "बाबांना सांगते मी, तुम्ही आलात म्हणून." बाबा म्हणजे सेबुन्या. पोरीनं जीभ चावली, पण सालोंगोच्या काळजाला व्हायचं ते झालंच.

आणि मग कळलं ते आणखी अवघड होतं. नऊ दिवसांनी बाबिर्येच्या होणाऱ्या सासरची माणसं रीतसर ओळख करून घ्यायला, मागणी घालायला येणार होती. त्या दिवशी मुलीच्या बापाला पांढरा झगा मिळतो. तो घालून बापाच्या आसनावर बसायचं आणि मुलगी समोर गुडघे टेकून सांगते, बाबा, ही माणसं माझ्या ओळखीची आहेत. आसनावर सेबुन्या बसणार होता. झगाही त्याच्या मापाचा शिवून झाला होता.

क्येयुने आजोबा दुसऱ्या दिवशी आले. ऐंशीचे, डाव्या कानानं बहिरे, आणि उजव्या कानानं त्यांना जेवढं ऐकायचं तेवढंच ऐकू यायचं. सालोंगोच्या दंडाला चिमटा काढून बघितला.

"जिवंत आहे," त्यांनी जाहीर केलं.

"मग मी घरात जाऊ?" सालोंगोनं विचारलं.

"जिवंत आहेस हे दिसतंय रे. पण पुरलाय त्याचं काय करू? वारस बसवलाय. सगळ्या कुळानं तुझं मरण खाल्लंप्यालंय. एका माणसाची दोन आसनं कशी मांडणार?"

"मी मेलोच नव्हतो तर…"

"तो तुझा दोष," आजोबा म्हणाले. "कळवायचं होतंस."

जमलेली माणसं हसली. सालोंगोही हसला, त्याला हसू आवरेना. पण मग तो उठून उभा राहिला आणि त्याचा आवाज बदलला. "आजोबा, मला भाला नको, भोपळा नको. जमीनही सेबुन्याकडं राहू द्या. मी छपराखाली झोपेन. पण बाबिर्येच्या दिवशी बापाच्या जागी मी बसणार. तिथं आत दिवस मोजायला खिडकी नव्हती. पोरी आता केवढ्या झाल्या असतील, एवढाच मी हिशोब करायचो. तेवढं एक मला द्या."

सेबुन्या खाली मान घालून उभा होता. खांद्यावर गाठ होती आणि तो उगाच ती कुरवाळत होता. "मी कुठं नाही म्हणतोय," तो पुटपुटला. "पण गाठ मी मारली नाही. माझ्या मनानं सोडली तर उद्या मलाच काही झालं म्हणजे? आजोबा सांगतील तसं."

आजोबांनी बराच वेळ काठीनं मातीत रेघा ओढल्या. असा प्रसंग कुळात कुणी ऐकला नव्हता, तेव्हा रीत त्यांनाच घडवायची होती. शेवटी म्हणाले, "थडगं उकरायचं. आत खोड निघालं म्हणजे तू नाहीस, एवढं सिद्ध झालं. पण तू मेलेल्यांतून आलायस की जित्यांतून, हे तू स्वतः सांगून चालणार नाही. ज्यानं दार उघडून तुला बाहेर काढलं, त्यानं थडग्यापाशी उभं राहून सांगायचं."

"टांझानियाचा सार्जंट?" सेबुन्या उसळला. "सायकलचोराच्या साक्षीवर कुळाची रीत ठरणार?"

"तुझ्या सायकलपायी मुलीच्या मागणीतली जागा सोडू का मी?" सालोंगो म्हणाला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो असा.

सार्जंट यायला तयार होता. अडचण एवढीच की शुक्रवारी त्याच्या तुकडीला उत्तरेकडं जायचा हुकूम आला होता, अमीनची उरलीसुरली फौज अजून तिकडं होती. पाय बरा नव्हता तरी तो जाणार होता. म्हणून गुरुवारी सकाळीच सगळं उरकायचं ठरलं.

गुरुवारी अख्खं गाव केळीच्या बागेत जमलं. सार्जंट आला तो एक सायकल ढकलत. ती त्यानं सेबुन्यापुढं उभी केली. तांबडी, बायकांची, पुढं टोपली लावलेली.

"ही माझी नाही," सेबुन्या म्हणाला.

सालोंगोनं ते स्वाहिलीत सांगितलं. सार्जंटनं खांदे उडवले आणि काहीतरी बोलला.

"म्हणतोय, तळावर पडून होती. जिची असेल ती येईपर्यंत चालव." लोक खो खो हसले आणि सेबुन्यानं सायकल मुकाट्यानं झाडाला टेकवली. ती पुढं अकरा वर्षं त्यानंच चालवली, टोपलीसकट.

उकरायला फार वेळ लागला नाही. दोन हात खाली कापड लागलं. सालोंगो वाकून बघायला लागला तो नालोंगोनं त्याचा शर्ट मागून धरून ठेवला. आत खोड कुजून काळा लगदा झाला होता. कापड मात्र अर्धंअधिक शाबूत होतं, आणि ते बघून सालोंगोचा चेहरा पडला.

"हे कोणी काढलं? हे मी माझ्यासाठी ठेवलं होतं. माझ्या हातचं सगळ्यात चांगलं. केळीच्या खोडाला गुंडाळलंत होय?"

"तुम्हालाच गुंडाळलं होतं," नालोंगो म्हणाली. "मग काय बाजारचं आणायचं?"

सालोंगो मान हलवत मागं सरला.

आजोबांनी काठी वर केली. "आता साक्ष."

इथं पेच पडला. सार्जंटला फक्त स्वाहिली येत होती. किरुम्बीत ती भाषा कुणी बोलायचं नाही. अमीनचे सैनिक दार ठोठावायचे ते त्याच भाषेत, त्यामुळे ती कानावर आली की बायका पोरांना घेऊन बागेत लपायच्या. आमची सुटका करायला आले तेही तीच भाषा बोलत आले, त्याला कोण काय करणार. सालोंगोला ती तुरुंगात शिकावी लागली होती. पण आजोबा म्हणाले, "मेला की नाही ते ठरायचंय, आणि साक्ष मेलेलाच सांगणार? दुसरं कोणी?"

कोणी पुढं येईना. सार्जंट उन्हात एका पायावर भार देऊन उभा होता. मग नालोंगोनं सालोंगोचा शर्ट सोडला आणि ती पुढं आली.

"मी सांगते. मला येते."

सालोंगो तिच्याकडं बघतच राहिला. आजोबांनी उजवा कान पुढं केला. "तुला? तू कुठं शिकलीस ही भाषा?"

"बराकीच्या फाटकावर," नालोंगो म्हणाली. तिनं कुणाकडं बघितलं नाही. "दर गुरुवारी जात होते. केळी विकायला जाते म्हणून सांगायचे. पहिल्यांदा एकच वाक्य शिकले, माझा नवरा आत आहे का. मग ते जे बोलायचे ते कळावं म्हणून बाकीची शिकले. फार काही चांगलं बोलत नव्हते."

"हे खोड पुरेपर्यंत जात होतीस?" आजोबांनी विचारलं.

"पुरलं त्याच्या पुढच्या गुरुवारीही गेले होते."

सालोंगो थडग्याच्या कडेला खाली बसला. दोन वर्षं त्याला वाटलं होतं की आपण आत पोरींची वयं मोजतोय आणि घरी लोक विसरले. नालोंगोनं त्याच्याकडं पाठ करून सार्जंटला खूण केली, बोल म्हणून.

सार्जंट बोलत गेला आणि ती सांगत गेली, सपाट आवाजात, एकेक वाक्य.

"तो म्हणतोय, आम्ही राजधानीत शिरलो तेव्हा टेकडीवरचं ते तुरुंगाचं घर मोकळं होतं. रखवालदार पळाले होते. आम्ही सगळे मजले बघितले. कुणी नव्हतं. आम्ही निघालो होतो." ती थांबली, कमरपट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळलं, मग पुढं बोलायला लागली. "तेवढ्यात जमिनीखालून आवाज आला. कैदी दार ठोकतो तो घाबरून ठोकतो, सारखा ठोकतो. हा तसा नव्हता. मी माझ्या माणसांना गप्प केलं आणि ऐकलं. शांतपणे चालला होता, कामावरचा माणूस करतो तसा."

सार्जंटनं इकडं तिकडं बघितलं. मग वाकून झाडाला टेकवलेल्या सायकलच्या सीटवर बोटांच्या पेरांनी वाजवून दाखवलं. तीन भारी, एक हलकी. मग थांबला. पुन्हा तीन भारी, एक हलकी. पुन्हा थांबला.

"तो म्हणतोय," नालोंगोचा आवाज आता सपाट राहिला नव्हता, "मला एवढंच कळलं नाही, की हा मधे थांबतो का?"

"कापड सरकवतोय," सेबुन्या म्हणाला.

तो बोलून गेला आणि मग त्याला कळलं आपण काय बोललो ते. पण तोवर गावातल्या प्रत्येकानं मान डोलावली होती. टेकडीच्या या बाजूला सालोंगोची थाप कोण ओळखत नाही? तीस वर्षं सकाळी तीच ऐकून आम्ही उठलो होतो. आजोबांनाही पुन्हा वाजवायला सांगावं लागलं नाही.

"चौदा माणसं होती त्या खोलीत," नालोंगोनं साक्ष पुरी केली. "दोघं दवाखान्याच्या वाटेत गेली, बारा जगली. तो म्हणतोय, हा वाजवत नसता तर आम्ही निघून गेलो असतो."

आजोबांनी सालोंगोला विचारलं, "आत हात कशावर चालवत होतास रे?"

"भिंतीवर. रोज एक कापड करायचो," सालोंगो म्हणाला. "शेवटी शेवटी चांगलं व्हायला लागलं होतं."

सेबुन्यानं खांद्यावरची गाठ सोडायला घेतली. ती सुटेना. आजोबांनीच मारली होती, मग कशी सुटणार? सालोंगो उठला, त्यानं दोन बोटांनी गाठ ढिली केली आणि कापड पुतण्याच्या खांद्यावरून उतरवून घेतलं. ते उलटून उन्हात धरलं. एका जागी भोक, दुसऱ्या जागी चामडं.

"उद्यापासून पहाटे ये," तो सेबुन्याला म्हणाला. "सुरुवातीपासून शिकवतो."

"येतो, काका," सेबुन्या म्हणाला आणि डोळे पुसले. खोटं नाही, त्याला वाईट वाटलं होतं आणि बरंही वाटलं होतं. इतके महिने काकाच्या अंगरख्यात राहून बिचारा दमला होता. आणि पंक्तीला त्याचाही वाटा होताच, कारण मागणीच्या दिवशी मुलीच्या भावाला कोंबडा मिळतो, आणि आता तो पुन्हा भाऊ झाला होता.

सार्जंटला त्या दुपारी नालोंगोनं जेवायला वाढलं. गिरणीवरून मुद्दाम पीठ आणून तिनं मक्याची उकड केली होती. आमच्याकडे पाहुण्याला उकड वाढणं म्हणजे अपमान, पण सार्जंट तीन पातेली जेवला. सालोंगो लांब तोंड वळवून बसला होता. शुक्रवारी ट्रक उत्तरेकडं गेला. नंतर सार्जंटचं एक पत्र आलं, पाय बरा आहे म्हणून. ते नालोंगोनं वाचून दाखवलं.

थडग्याच्या खड्ड्यात सालोंगोनं मुटुबाची एक फांदी लावली. खड्डा आयता होता, कशाला वाया घालवा, म्हणाला.

मागणीचा दिवस आला. मुलाकडच्यांना वाटेतच कुणीतरी सगळं सांगून ठेवलं होतं, तरी त्यांच्या वतीनं बोलणी करणारा म्हातारा आसनावरच्या माणसाला बघून अडखळला. सेबुन्याच्या पोटाच्या मापाचा झगा, आणि आत हाडांचा सालोंगो. बाह्या हाताबाहेर चार बोटं लोंबत होत्या. बाबिर्ये समोर गुडघे टेकून बसली आणि म्हणाली, "बाबा, ही माणसं माझ्या ओळखीची आहेत." बाबा म्हणताना तिनं बरोबर त्याच्याकडं बघितलं. सालोंगोला पुढचं ठरलेलं वाक्य आठवेना, आणि तीन वेळा मागून सांगावं लागलं. शेवटी तो म्हणाला, "मग बसा म्हणावं त्यांना, उभी का आहेत?" सगळे हसले आणि काम झालं.

संध्याकाळी पाहुणे गेले. सेबुन्या कोंबडा काखेत धरून तांबड्या सायकलवरून घरी गेला. मुली पातेली घासत होत्या. सालोंगो तो ढगळ झगा न काढता आत आसनावरच बसून राहिला होता, उठवत नव्हतं म्हणून. नालोंगो झऱ्यावरून पाण्याचं भांडं घेऊन आली आणि दारात थांबली. आत आली नाही.

"काय गं?" सालोंगोनं विचारलं.

तिनं भांडं खाली ठेवलं. एक हात चौकटीला लावला, आणि फाटकावर उभं राहून दर गुरुवारी विचारायची तसंच, त्याच स्वाहिलीत विचारलं, "माझा नवरा आत आहे का?"

सालोंगोनं लांब बाहीनं तोंड पुसलं.

"आहे," तो म्हणाला. "ये, आत ये."